बाळापूरचा नंबर

सई, ईशान — हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही. फोनवर सांगायला गेले की मी विषय बदलते, म्हणून लिहिते आहे.

अकोल्याची ती रोबोटिक्स स्पर्धा आठवते? सई, तू अमरावतीच्या संघाची कॅप्टन होतीस. प्रत्येक सामन्यात दोन-दोन संघांची युती, आणि गुण दोघांचे मिळून. मग त्यात कोणाचा वाटा किती? ते शोधायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं होतं. जन्मभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलेलं. समीकरणं मांडून प्रत्येक संघाचं रेटिंग काढायचं, कोणती युती जिंकेल ते आधीच सांगायचं आणि यादी भिंतीवर लावायची. अंदाज बरोबर येत गेले. "आजी, तू तर ज्योतिषीण झालीस!" तू म्हणालीस. सगळे कॅप्टन माझी यादी बघायला यायचे. मी किती फुलले होते —

पुढच्या फेरीसाठी सर्वाधिक जिंकलेल्या चार संघांनी एकेक जोडीदार निवडायचा होता. शेवटची यादी करताना आपण पहिले आलो. दुसऱ्या आल्या बाळापूरच्या मुली. मी पुन्हा मांडणी केली. पुन्हा तेच.

त्यांच्या रोबोला प्लंबिंगच्या पाइपांचे तुकडे जोडलेले. "अवं, तिकून धर न वं!" म्हणून त्या हॉलभर ओरडायच्या. मी मूळची तिवस्याची. 'मले-तुले' करतच वाढले, आणि कॉलेजात गेल्यावर ते जिभेवरून घासून काढलं. मग त्यांचं बोलणं ऐकून मला कसली लाज वाटत होती? मी स्वतःला समजावलं, इतके सामने हरलेल्या मुली दुसऱ्या कशा असतील? पण त्यांना जोडीदार कच्चे मिळाले होते. जोडीदाराचा वाटा वेगळा काढण्यासाठीच तर ती समीकरणं होती — हे मी वर्गात किती वेळा सांगितलं असेल?

मी त्यांना अकरावं लिहिलं. दुसऱ्या जागी अकोल्याचा ब्लेझरवाला संघ. यादी भिंतीवर लावली. तू तोच संघ निवडलास आणि आपण हरलो. "आजी, तुझं गणित चुकलं," तू म्हणालीस. मी मान डोलावली. गणित बरोबर होतं, सई.

पण एवढंच नाही. निवड अर्धी झाली तरी बाळापूरला कोणीच घेतलं नव्हतं. त्यांची कॅप्टन, तुझ्याच वयाची, माझ्यापाशी आली होती.

"आजी, आमचा नंबर बराबर हाये न जी? आमाले वाटलं, वर येऊ."

तेव्हाही खोडून लिहिता आलं असतं. पेन हातातच होतं. उरलेल्या दोन कॅप्टनना अजून निवडायचं होतं.

"दोनदा तपासलंय, बाळ," मी म्हणाले.

"मंग ठीक हाये. तुमी मोजलं म्हंजे बराबरच असन." तिनं वळून मैत्रिणींना हाक मारली, "चाला वं, भरा सामान."

त्या रोबो सुटा करू लागल्या. मी तिथेच उभी होते. मग पेनाला टोपण लावलं.