स्टेशनाकडच्या पार्वतीबाई

पार्वतीबाई शिकवायला बसण्याआधी हातातल्या काठीनं ओसरीचा कोपरा न कोपरा ठोकून पाहायच्या. सापाची त्यांना भयंकर भीती. विजेची, मोकाट कुत्र्यांची, इंजिनाच्या शिटीचीसुद्धा. आणि अशी ही बाई, वाशीमला रेल्वे आली तेव्हा स्टेशनाकडच्या बाभळींमध्ये पहिलं घर बांधून एकटी राहायला आली होती! अकोल्याची, विधवा. मुलींच्या शाळेला गावात कुणी जागा देईना, म्हणून त्यांनी आम्हा सात जणींना आपल्या ओसरीवरच बसवलं. पुढं आजूबाजूला घरं उठली, कापसाच्या जिनिंगचे मजूर आले, दुकानं आली.

"पोरीहो, भेव लागते तं लागू द्या, हात लिहिता ठेवा," असं त्या म्हणायच्या.

मी नऊ वर्षांची असताना प्लेग आला. घराघरांत मेलेले उंदीर सापडू लागले. लोक घरं सोडून वावरात झोपड्या घालू लागले. आमचंही सामान बांधून झालं होतं. त्या दुपारी शाळेत आम्ही तिघीच. माझ्या शेजारी बसलेल्या गयानं पाटीवर डोकं टेकलं. बाईंनी तिच्या कपाळाला हात लावला, मग काखेत चाचपलं. हात तिथंच थांबला. चेहरा पांढराफटक पडला.

"तुमी दोघी घरी जा. पळा! मांगं पाहू नका."

गयाला आईबाप नव्हते, ती मामाकडे राहायची. गाठ आल्याचं कळताच मामीनं दार लावून घेतलं. गया बाईंकडेच राहिली.

बाबा रोज वावरातून भाकरी नेऊन बाईंच्या कुंपणापाशी ठेवायचे. एकदा हट्टानं मीही गेले. बाई दारात आल्या.

"पुढं नको येऊ!" त्या एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की मी दचकले.

"बाई, तुमाले भेव नाही लागत काय?"

"लागते ना माय! लय लागते. म्हणूनच तं जोऱ्यानं बोलून राह्यली."

"मास्तरीणबाई, तुमी तरी निंघा आता इथून," बाबा म्हणाले.

"अन् गयाले काय पाटीसंगं इथंच टाकून येऊ?"

दोन दिवसांनी पुन्हा गेलो, तर आदल्या दिवशीची भाकरी तशीच. मुंग्या लागलेली. बाबांनी हाका मारल्या. पुन्हा मारल्या. मग दार किलकिलं झालं आणि गया बाहेर आली. नुसता हाडांचा सापळा, पण स्वतःच्या पायांवर उभी.

"बाई कालपासून पडल्या हायत," ती म्हणाली. "सकाळपासून बोलूनच नाही राह्यल्या."

बाबा क्षणभर थबकले. मग तोंडाला उपरणं बांधून आत गेले. बाहेर आले ते पायरीवरच बसले. मला समजलं, बाई गेल्या होत्या.

गया हात पसरून माझ्याकडे आली. माझी जिवाची मैत्रीण. आणि मी मागं सरले. शेवटी बाबांनीच उठून तिला उचललं.

ती आमच्याच घरी वाढली. आजही आम्ही तासन्‌तास बोलतो. पण मी मागं सरले होते ते तिला आठवतं का, एवढं विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.