अडीच नंबरचा डोळा

आमच्या चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासणाऱ्या माणसाला सगळे भिंगदादा म्हणतात. तयार काच यंत्राखाली धरायची, स्वतःचा चष्मा कपाळावर चढवायचा, यंत्राच्या नळीला डोळा लावायचा आणि नंबर सांगायचा. तीस वर्षं हेच. मी पुढे काउंटरवर असतो. त्यांचा नंबर चुकलेला मी पाहिलेला नाही.

यंदा त्यांनी डीएसएलआर कॅमेरा घ्यायचं ठरवलं. नात फोनच्या फोटोत नेहमी हललेलीच येते. तीस हजारांवर एक रुपया नाही, अशी वहिनींची अट. बॉडी जुनी चालेल, पैसे लेन्सवर घालायचे, हे दादांचं गणित. फ्रेमवर खर्च करणारा आंधळाच राहतो, म्हणाले.

मीही सोबत गेलो. पहिल्या दुकानात त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, कॅमेरा डोळ्याला लावला आणि लगेच खाली ठेवला. धूसर. सोबत मिळणारी लेन्स टाकाऊ, असा निकाल दिला. दुसऱ्या दुकानातली पन्नास एमएमची लेन्सही धूसर. तिथल्या माणसाला त्यांनी काच कशी पुसावी हे शिकवलं. तो हात जोडायच्या बेतात होता. तिसऱ्या दुकानात दुप्पट किमतीची लेन्स लावून पाहिली. तीही तशीच.

दुकानातल्या बाईंनी कॅमेरा घेतला, माझा फोटो काढला आणि मागच्या पडद्यावर दाखवला. माझ्या कॉलरची उसवलेली शिवण मोजता आली असती.

म्हणजे लेन्स निर्दोष होती. उरला डोळा. दादांच्या वडिलांची नजर याच वयात गेली होती. ते स्टुलावर बसले.

"आता काचा कोण बघणार?" एवढंच म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "काका, चष्मा कपाळावर का?"

"भिंगातून बघताना मी काढतो."

"मग तुमचा नंबर याला कसा कळणार?"

डोळा लावायच्या खिडकीशेजारी एक इवलंसं चाक होतं. ते बाईंनी नखाने फिरवलं. दादांनी पाहिलं. सगळं लख्ख होतं. मग त्यांना आठवलं. आमच्या यंत्राच्या नळीवरही अशीच एक कडी आहे. कामाला लागले त्या दिवशी त्यांनीच ती आपल्या अडीच नंबरवर बसवली होती, आणि पुन्हा कुणाला हात लावू दिला नव्हता.

मी थक्क झालो. अख्ख्या गल्लीचे नंबर तोंडपाठ असलेला माणूस स्वतःचा तेवढा विसरला होता.

जुनी बॉडी आणि पन्नास एमएमची स्वस्त लेन्स तिथेच घेतली, बॉडीचं चाक दादांच्या नंबरवर लावून. वहिनींची अट पाळून रिक्षापुरते उरले. वाटेत दादा दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होते, अगदी तळाची बारीक अक्षरंसुद्धा.

घरी वहिनींनी कॅमेरा डोळ्याला लावला.

"अहो, फसवलं की तुम्हाला. सगळं धूसर आहे."

दादा इतके हसले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.