नऊ हातांचं वायरिंग

मुंबई-आग्रा रस्ता रुंद झाला तेव्हा द्वारका चौकाजवळची बरीच टपरीवजा दुकानं गेली. त्यांत सावळीराम मिस्त्रींचं पत्र्याचं दुकानही गेलं. पाटीवर ‘गाडीचे वायरिंग करून मिळेल’ एवढंच लिहिलेलं होतं, मालकाचं नाव नव्हतं. त्याची गरजही नव्हती. सटाण्याहून कांदा भरून निघालेल्या ट्रकचा मागचा दिवा गेला, की ड्रायव्हर द्वारकेला उतरून ‘मिस्त्री आहेत का’ एवढंच विचारायचा. आजही तिथून जाताना माझी मान आपोआप डावीकडे वळते.

मिस्त्री मूळचे मखमलाबादचे. घरची थोडी शेती, तिच्यात शेवंती, गुलाब आणि हंगामाप्रमाणे भाजी. भावांनी शेती धरली, यांनी पक्कड धरली. बोलणं कमी, पण जे बोलत त्यात खोच असायची. एखाद्या ड्रायव्हरने स्वतःच वायरी जोडून घोळ घालून ठेवला असेल, तर ते आधी त्याला चहा पाजायचे आणि मग विचारायचे, “काय भाऊ, झोपेत केलं का जागेपणी?” त्यांना अभिमान एकाच गोष्टीचा होता. त्यांनी बांधलेल्या वायरिंगमध्ये मध्येच कुठे जोड नसायचा. स्विचपासून दिव्यापर्यंत वायर अखंड.

माझी त्यांची ओळख १९९६ मध्ये झाली. मी तेव्हा अंबडच्या एका कारखान्यात खरेदी विभागात होतो. माझे रावजीमामा कळवणला डॉक्टर होते. ते आदल्या वर्षी वारले आणि त्यांची १९५१ सालची मॉरिस मायनर माझ्याकडे आली. याच गाडीतून मामा आसपासच्या गावांत रोगी बघायला जात. मे महिन्याच्या सुटीत मी त्यांच्या शेजारी बसायचो. वळण आलं की दाराच्या खांबातून पिवळा बाण बाहेर पडायचा. ते त्या काळचं इंडिकेटर. तो बाण पुन्हा पुन्हा दिसावा म्हणून मी मामांना वळणावळणाच्या रस्त्याने जायला लावायचो, आणि घाई नसली तर ते जायचेही. आता मात्र बंद शेडमध्ये उभ्या गाडीतल्या वायरी उंदरांनी पार कुरतडल्या होत्या. इंजिनापुरती वायर बाहेरून जोडून घेतल्यावर ते चालत होतं, पण दिवा एकही लागत नव्हता.

गाडीतल्या सगळ्या वायरी एकत्र बांधून केलेला जुडगा म्हणजे हार्नेस. तो पुढच्या दिव्यांपासून मागच्या दिव्यांपर्यंत गाडीत अंथरतात आणि वाटेत त्याला फांद्या फुटतात. तो कुठला घ्यायचा, हा प्रश्न मी कारखान्यातल्या सवयीने सोडवायला घेतला. कागदावर तीन रकाने आखले. पहिल्यात विलायतेहून येणारा तयार संच. तो याच मॉडेलचा, सुती वेष्टणाचा, मूळ रंगांचा होता, पण तीन महिने थांबावं लागणार होतं. दुसऱ्यात दिल्लीचा संच. तो लगेच मिळत होता, पण नंतरच्या मॉडेलचा असल्याने त्यात बाणांसाठी वायरच नव्हती. तिसऱ्या रकान्यात ‘स्थानिक मिस्त्री’. लांबी, जाडी, रंग, खात्री अशा प्रत्येक बाबीला गुण दिले. विलायती संच सरळ सरळ पुढे होता. कॅटलॉगचं पान घेऊन मी गाडी द्वारकेपर्यंत नेली, ती हा संच आल्यावर बसवून द्याल का, एवढंच विचारायला.

मिस्त्रींनी ते पान उजेडात धरून बराच वेळ पाहिलं. मग गाडीभोवती फिरले. डिकी उघडली. तिच्या झाकणाला आतून मामांनी एक छोटा दिवा बसवून घेतला होता, कुणाच्याही अंगणात इंजेक्शन भरता यावं म्हणून. पुढे काचेशेजारी हाताने फिरवायचा दिवा होता, वस्तीवरचं घर शोधायला. शिवाय एक पंखा.

“हे सगळं तुमच्या पानात हाय का?” मिस्त्रींनी विचारलं. मी नाही म्हणालो.

“मग तुम्हाला कंपनीची गाडी पाहिजे का मामांची?”

या बाबीसाठी मी रकाना आखला नव्हता. हार्नेस त्यांच्याकडूनच करून घ्यायचा, असं मी तिथेच ठरवलं.

माप त्यांनी हाताने घेतलं, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. मी टेप पुढे केली तर म्हणाले, टेप वळणावर ताठ राहते, हात वळतो. मागच्या दिव्यांपर्यंत नऊ हात, दोन बाणांना तीन-तीन हात, बाकीच्या फांद्या किती, हे सगळं त्यांनी तोंडपाठ करून टाकलं.

मला पुढे कळलं ते इथेच सांगून टाकतो. वर्षभरापूर्वी ट्रकची बॅटरी निसटून मिस्त्रींच्या उजव्या हाताची दोन बोटं चेपली होती. त्या बोटांत पक्कड राहायची, दोरा राहत नव्हता. हार्नेस दोऱ्याने बांधतात. बांधता येत नसेल तर मिस्त्रीला फ्यूज आणि बल्ब बदलत बसण्यापलीकडे काम उरत नाही, आणि एकदा हे द्वारकेत पसरलं की गाड्या पुढच्या दुकानाशी थांबू लागणार. म्हणून तेव्हापासून बांधायचं काम घरी त्यांच्या पत्नी अंबूबाई करत होत्या. सकाळी त्या फूलबाजारात हार विकायच्या, दुपारी वायरी बांधायच्या. मिस्त्रींनी ही गोष्ट कुणालाही कळू दिली नव्हती. एरवी वायरी ते स्वतः कापून घरी न्यायचे. या वेळी सबंध गाडीचं काम होतं, म्हणून त्यांनी वायरीची वेटोळीच नेली, मापं सांगितली आणि कापण्यापासून सगळं अंबूबाईंवर सोपवलं.

दहा दिवसांनी हार्नेस तयार झाला. मी मुद्दाम अर्धी रजा टाकून गेलो. पांढऱ्या मेणकट दोऱ्याने दर दोन बोटांवर गाठ मारलेली होती आणि प्रत्येक फांदीच्या तोंडाशी वेगळ्या रंगाचा दोरा होता, कुठली फांदी कुठे जाते ते ओळखायला. मिस्त्रींनी पुढून अंथरायला सुरुवात केली. तो सीटखालून मागे गेला आणि डिकीच्या अलीकडेच संपला. मागचा दिवा दीड फूट लांब राहिला.

त्यांनी टोक ओढून पाहिलं. मग हार्नेस बाहेर काढून त्यावर आपला हात टाकत गेले. आठ हात भरले.

मी म्हणालो, दीड फुटाचाच प्रश्न आहे, जोड देऊन टाका. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

“हा हात माझा नाय, साहेब,” ते म्हणाले. “कापलंय मंडळींनी, बांधलंय पण मंडळींनी. वरीस झालं, मला गाठ मारता येत नाय.”

फूलबाजारात हार हातावर मोजून देतात. अंबूबाईंना नऊ हात सांगितले होते, त्यांनी आपले नऊ हात मोजले होते. चूक कुणाची म्हणायची?

मिस्त्री म्हणाले, तुमचा विलायतेचा संच मागवा, तेवढा बसवून देतो. राजीनामा ठेवावा तसं ते बोलले. मी हार्नेस हातात घेऊन गाठी पाहत होतो. कारखान्यात वायरींना प्लास्टिकच्या पट्ट्या आवळतात. पट्टी जास्त आवळली की वेष्टणावर वळ उठतो आणि तसा माल परत पाठवण्याची पत्रं मीच लिहायचो. इथे शंभरावर गाठी असतील, वळ एकही नव्हता आणि सैल गाठही एक नव्हती. मी त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, तिचं म्हणणं, देठ तुटू नये एवढीच ओढ द्यायची.

मी म्हणालो, पुन्हा बांधायला सांगा, फक्त या वेळी माप त्यांनाच घेऊ द्या, इथे येऊन.

“इथं?” मिस्त्रींनी बाहेर पाहिलं. समोर ओळीने ट्रक उभे होते आणि ड्रायव्हर चहा पीत होते. मग ते म्हणाले, “उद्या आणतो.”

दुसऱ्या दिवशी बाजार उरकून अकराच्या सुमाराला अंबूबाई आल्या. बुटक्या, शिडशिडीत, कपाळावर मोठं कुंकू. हार्नेस किती कमी पडला ते त्यांनी पाहिलं आणि मिस्त्रींना म्हणाल्या, “कुणाचे नऊ, ते सांगायचं ना. तुमचा हात हाय का फावडं?” मग पदर खोचून त्यांनी पुढच्या दिव्यापाशी कोपर टेकवलं. त्या हात टाकतील तिथे मिस्त्री खडूने खूण करत होते. हळूहळू चहावाल्याकडचे चारपाच जण येऊन उभे राहिले. त्यांत बारकू नावाचा जुना गिऱ्हाईक ड्रायव्हर होता.

“काय मिस्त्री, वहिनींना हाताखाली घेतलं का?”

सगळे हसले. मिस्त्रींचा खडू थांबला. मला वाटलं, आता ते काहीतरी सांगून वेळ मारून नेतील.

“उलटं हाय,” मान वर न करता ते म्हणाले. “वरीसभर मीच हिच्या हाताखाली हाय. तुझ्या गाडीचं पण हिनंच बांधलंय.”

बारकूने वळून आपल्या ट्रककडे पाहिलं. ट्रक होता तिथे होता. “मग वहिनी,” तो म्हणाला, “माझा हॉर्न मधूनमधून मुका होतो, तेवढं बघा.”

“ते यांना सांगा, मी नुसतं बांधते. दहा हात, चार बोटं,” अंबूबाई म्हणाल्या. मोजणी त्यांनी चुकू दिली नव्हती.

नवा हार्नेस बरोबर बसला. दिवे तपासायला मिस्त्री आत बसले आणि अंबूबाईंना गाडीमागे उभं केलं. एकेक बटण दाबून ते विचारायचे, “लागला का?” आणि त्या मागून म्हणायच्या, “लागला.” डिकीतला दिवा लागला तेव्हा मी पाहतच राहिलो. त्याचा तो पिवळसर उजेड मी पंचवीस वर्षांत पाहिला नव्हता.

पुढच्या आठवड्यात मी कामावर जाताना द्वारकेला पाहिलं, तर दुकानात दुसरं स्टूल आलं होतं.