श्रीच्या जागी चौकोन

धुळ्याला नानांचा छापखाना होता. नाना म्हणजे माझे धाकटे काका. छापखाना म्हटलं की लोकांना मोठं काहीतरी वाटतं. हा म्हणजे एक खोली, एक पायाने चालवायचं ट्रेडल मशीन आणि शिशाच्या अक्षरांचे, म्हणजे खिळ्यांचे, लाकडी खण. लग्नपत्रिका हेच त्यांचं पीक. नव्वदचं दशक संपत आलं आणि गिऱ्हाइकं कॉम्प्युटरवरची पत्रिका मागायला लागली, तेव्हा नानांनी ट्रेडल विकून कॉम्प्युटर आणि लेझर प्रिंटर आणला. जुनं मशीन राहू द्यायचं होतं, असं काकू म्हणाली. नाना म्हणाले, "खोली एकच शे. दोन नवऱ्या कोठे बसाडू?"

नवी नवरी पडद्यावर देखणी होती. कागदावर मात्र तिने पहिल्याच दिवशी दात दाखवले. काही जोडाक्षरांच्या जागी रिकामे चौकोन उमटू लागले, आणि त्यात नेमका श्री होता. बिलबुकात एखादा चौकोन खपून जाईल. पत्रिकेची सुरुवातच श्रीने होते, मग वडिलांच्या नावाआधी श्री, मामांच्या नावाआधी श्री. ज्याने कॉम्प्युटर विकला तो माणूस फोनवर यायलाच तयार नव्हता. तुळशीचं लग्न लागलं की सराई सुरू होणार, आणि तोवर श्री उमटला नाही तर नानांचं दुकान बसणार हे घरात सगळ्यांना कळत होतं.

मी तेव्हा जळगावच्या एका कॉलेजच्या ऑफिसात टायपिंगला होते. तिथे नुकतंच इंटरनेट आलं होतं. निरनिराळ्या लिप्या कॉम्प्युटरवर छापणाऱ्यांचा एक गट आहे, देशोदेशीचे लोक तिथे अडचणी लिहितात आणि ज्याला येतं तो उत्तर देतो, असं आमच्या एका प्राध्यापकांनी सांगितलं. नानांना ते फार आवडलं. पहिलं पत्र त्यांनी फोनवरून सांगितलं आणि मी इंग्रजीत घातलं. सर्व वडीलधाऱ्यांना नमस्कार, आपण सहकुटुंब खुशाल असाल, आमच्याकडे पाऊसपाणी बरं आहे, आपला बहुमोल वेळ घेतो याबद्दल क्षमा असावी. चौकोनाची गोष्ट पार शेवटच्या दोन ओळींत. आपल्याकडे दारात उभं राहून काम सांगायची रीत नाही. आधी पाणी, मग चहा, मग काम.

तिकडून एकाने विचारलं, "प्रश्न काय आहे?" दुसऱ्याने नुसतं एक प्रश्नचिन्ह पाठवलं. तिसरा युरोपातल्या कुठल्याशा थंड देशातला होता. त्याने लिहिलं, "प्रिंटर कोणता? पूर्ण नाव. चौकोन कोणत्या अक्षरांना?" ना नमस्कार, ना ख्यालीखुशाली. मला तर कोणी खेकसल्यासारखं वाटलं. पण तो माणूस चिवट निघाला. जवळजवळ रोज त्याचं पत्र यायचं, दोन ओळींचं, प्रत्येक वेळी एक नवा प्रश्न घेऊन. मी नानांना फोन करायची, ते बघून सांगायचे, मी लिहायची. अखेर त्याने स्वतः एक छोटी फाइल तयार करून पाठवली. ती फ्लॉपीवर घेऊन मी रविवारी धुळ्याला गेले.

बरेचसे चौकोन गेले. श्री मात्र तसाच राहिला.

दोन दिवसांनी त्याचं पत्र आलं, "झालं का?" नाना त्या दिवशी कागदखरेदीला जळगावला आले होते. मी त्यांना ऑफिसात बसवलं आणि म्हटलं, आता लिहिते, की बाकी जमलं, श्री राहिला.

नाना दचकलेच. "अशे नको लिखू. ना वयख ना पायख, तरी त्यानी आपलाकरता इतला जीव पाखड्या. आनि त्याले तोंडवर सांगानं का, तुन्हं काम जमनं नही म्हनीसन?"

"मग काय लिहू?"

"बठ्ठं बेस व्हयनं, अशे लिखी दे. आठ दिवस जाऊ दे. मंग दुसराले इचारूत."

मला ते वेडगळ वाटलं नाही, हे इथे कबूल करायला हवं. व्याह्यांच्या घरचं भरीत खारट झालं तरी आपण अजून थोडं मागून घेतो. कोणी आपल्यासाठी काढा उकळून आणला तर गुण येवो न येवो, आला म्हणतो. त्यात खोटं बोललो असं कोणाला वाटत नाही. शिवाय त्या माणसाची तुटक पत्रं वाचून तो आधीच वैतागलाय अशी माझी खात्री होती. मी लिहिलं, आपल्या कृपेने अडचण पूर्ण दूर झाली, आपले उपकार विसरणार नाही.

त्याचं त्या वेळचं उत्तर पहिल्यांदा तीन ओळींचं आलं. त्याला फार आनंद झाला होता. आमच्यासारखं आणखी कोणी अडलं तर उपयोग होईल म्हणून त्याने तो उपाय गटात सगळ्यांसाठी लिहून ठेवला.

आठ दिवसांनी आम्ही श्रीचा प्रश्न पुन्हा गटात विचारला. एकाने लगेच सुनावलं, हे सुटलंय, आधी जुनी उत्तरं वाचत जा. आणि त्या माणसाचं वेगळं पत्र मला आलं. "तुम्ही झालं म्हणालात. मग काय झालं? माझं इंग्रजी थोडं आहे, म्हणून मी कमी लिहितो. रागावलो असं समजू नका. आता एकच गोष्ट तपासायची उरली असेल. पण आधी कागदावर नेमकं काय दिसतं ते सांगा."

मी ते नानांना फोनवर मराठी करून वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग नाना म्हणाले, "इतला भला मानूस. आते त्याले काय तोंड दखाडू?" रागीट माणसाला नानांनी कदाचित खरं सांगितलं असतं. भल्या माणसाला सांगणं त्यांना जमलं नाही. मी दोनदा आठवण केली, मग मीही सोडून दिलं. आम्ही उत्तरच पाठवलं नाही.

त्या सराईत नानांनी पत्रिकांवरचे श्री पेनाने काढून पाहिले. किती काढणार? पुढच्या दिवाळीआधी खोली रिकामी झाली आणि नाना नरडाण्याच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये लागले. नंतर जळगावच्या एका प्रेसवाल्याशी सहज बोलताना कळलं, की प्रिंटरच्या सेटिंगमध्ये एका ठिकाणी खूण करायची असते, मग अक्षरं चित्रासारखी छापली जातात आणि एकही चौकोन येत नाही. उरलेली एक गोष्ट ती हीच असणार. मी त्या माणसाला सगळं खरं लिहिलं. त्याचा पत्ता बंद झाला होता, पत्र परत आलं. अजूनही त्याचं वाईट वाटतं.

त्यानंतर वर्षभराने नानांची कंबर धरली. मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. आठवडाभराच्या गोळ्या संपवून पुन्हा गेलो, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "काय नाना, बरं वाटलं का?"

नानांना खुर्चीत धड टेकता येत नव्हतं. ते हसून म्हणाले, "बठ्ठं बेस शे, साहेब. तुमनी गोयीना मोठा गुन उना."

मी म्हटलं, "नाही डॉक्टर. काहीच फरक नाही. कुशीवर वळतासुद्धा येत नाही त्यांना."

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भरल्या मांडवात त्यांची लाज काढली. डॉक्टरांना मात्र काहीच वाटलं नाही. "मग तसं सांगायचं ना," ते म्हणाले, आणि पहिल्या गोळीवर काट मारून त्यांनी दुसरी लिहून दिली.