मॅडमची मुंबई, चहासकट

"पाणी प्या," मॅडम म्हणायच्या. गाडी अजून सोसायटीच्या गेटाबाहेरही पडलेली नसायची. "उतरताना मला बाटली रिकामी दिसली पाहिजे. पुढचं मी बघते."

तुम्ही बायकांबरोबर सहलीला गेला असाल तर तुमच्याही लक्षात आलं असेल, की बायका प्रवासात पाणी पीत नाहीत. ओठ ओले करतात आणि बाटली पर्समध्ये परत ठेवतात. आदल्या दिवशीच चहा बंद करणाऱ्याही मी पाहिल्या आहेत. हे कुणी शिकवत नाही, वयात येताना आपोआप येतं. मॅडमना ते अजिबात चालत नसे.

मॅडम पोलिसात होत्या. हवालदार म्हणून निवृत्त झाल्या आणि मुलुंडला आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आल्या. निवृत्त पोलीस सहसा सोसायटीचे सेक्रेटरी होतात. मॅडमनी ते टाळलं आणि रविवारी इमारतीतल्या बायकांना मुंबई दाखवायला सुरुवात केली. उपनगरात जन्म गेला तरी मुंबई बघायची राहूनच जाते. गावाकडून पाहुणा आला की तेवढ्यापुरती तिची आठवण होते, आणि तेव्हाही तो पाहुणा एकटाच जाऊन बघून येतो. मॅडमनी आम्हाला गेटवे दाखवला, फोर्टातल्या जुन्या इमारती दाखवल्या, शिवडीचा आणि वसईचा किल्ला दाखवला. सहल हा शब्द त्या वापरत नसत. "रविवारी वसईचा बंदोबस्त," एवढाच मेसेज ग्रुपवर यायचा. खाली वेळ आणि "पायघोळ साडी नको."

या बंदोबस्तात इतिहास कमी आणि चहा फार असायचा. गाडी जरा पळायला लागली, की मॅडमच्या कुणा बॅचमेटचं घर यायचं. ट्रेनिंगला बरोबर असलेल्या त्यांच्या मैत्रिणी मुंबईभर पसरल्या होत्या आणि दुर्दैवानं सगळ्या घरीच असायच्या. विक्रोळीला चहा. माहीमला चहा आणि पोहे. वसईला किल्ल्याआधी चहा आणि किल्ल्यानंतर त्याच घरी पुन्हा चहा.

"मी किल्ल्यापेक्षा सोफेच जास्त बघितले यार," दुसऱ्या मजल्यावरची सुनंदा म्हणाली. "ओळखी मिरवायच्या असतात, दुसरं काय!"

मलाही तसंच वाटायचं.

माझी आई मात्र या सहलींना कधी आली नाही. कुणी विचारलं की गुडघ्यांकडे बोट दाखवायची. खरी गोष्ट अशी, की एका ऑपरेशननंतर तिला लघवी थांबवता येत नसे. कल्याणला एका लग्नात, जेवायला उभी असताना, तिची साडी भिजली. कुणी काही बोललं नाही, सगळ्यांनी दुसरीकडे बघितलं, आणि तेच तिला लागलं. तेव्हापासून ती गेटापलीकडे गेली नव्हती. मी डायपर आणून दिले, तर "मी काय तान्ही आहे का?" म्हणून तिने ते कपाटाच्या वर टाकले.

तिला कान्हेरीची लेणी बघायची होती. आम्ही बौद्ध, मूळचे परभणीकडचे. आमच्या खिडकीतून जो डोंगर दिसतो, त्याच्याच पलीकडच्या अंगाला, बोरिवलीच्या बाजूला ती लेणी आहेत. आई रोज सकाळी त्या डोंगराकडे बघून हात जोडायची. "इथूनच पोचतं," म्हणायची. मला ते बघवत नसे.

एकदा मॅडम स्वतःच वर आल्या. आई "जय भीम" म्हणाली, मॅडम सवयीनं "जय हिंद" म्हणाल्या. दोघींना ते चालायचं.

"ताई, कान्हेरीला चला."

"गुडघे हो, मॅडम."

मॅडमनी आईच्या गुडघ्यांकडे बघितलंच नाही. "दिवसाला पाणी किती पिता?"

आईनं पदर सारखा केला.

"गुडघे दुखणारी बाई पाणी पिते," मॅडम म्हणाल्या. तपास संपला होता. मग खुर्चीत बसून, कुणा तिसरीची हकिकत सांगावी तसं त्यांनी सांगितलं, "मी तरुणपणी बंदोबस्ताला उभी राहायचे. पॉइंट सोडायचा नाही. म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही, कारण जायचं कुठं? त्यात एक किडनी गेली. मग आम्ही बॅचच्या पोरींनी ठरवलं, जिचं घर पॉइंटजवळ, तिचं दार बाकीच्यांना उघडं. चहा आपला बोलायला. कुणाच्या घरात शिरून 'बाथरूम कुठंय' असं थोडंच विचारता येतं?"

मी तिथंच उभी होते. विक्रोळी, माहीम, वसई, सगळे सोफे माझ्या डोळ्यांपुढून गेले.

आईनं विचारलं, "बोरिवलीत आहे का कोण?"

"दोघी आहेत," मॅडम म्हणाल्या.

त्या आठवड्यात मॅडम एकट्याच कान्हेरीला जाऊन आल्या. आल्या आल्या माझ्याकडे अहवाल दिला. "वर सोय आहे. आत जाऊन कडी लावून बघितली. लागते."

रविवारी गाडीत आम्ही तिघीच होतो. आईनं बाटली उघडली नव्हती. "ताई, पाणी," मॅडम पुढच्या सीटवरून, मागे वळूनही न बघता म्हणाल्या. आई प्यायली. घोडबंदर रोडला पहिला चहा झाला, बोरिवलीला दुसरा. तिसऱ्या घरी आईनं स्वतःहून अजून अर्धा कप मागितला, तेव्हा मी उठून गॅलरीत गेले.

लेण्यात, मोठ्या चैत्यगृहात, आई स्तूपासमोर बसली. डोळे मिटून तिने त्रिशरण म्हटलं, मग पंचशील म्हटलं, मग नुसतीच बसून राहिली. मॅडम दारात उभ्या होत्या, हात मागे बांधून, स्तूपाकडे पाठ आणि येणाऱ्याजाणाऱ्यांकडे तोंड.

"आत या ना," मी म्हटलं.

"बंदोबस्तात गर्दीकडे बघायचं असतं," त्या म्हणाल्या. "वास्तू कुठं पळून जात नाही. गेटवेला कितीदा उभी राहिले मी. गेटवे बघितला नाही."

आई हे ऐकत असावी. ती उठली, सावकाश दारात आली आणि मॅडमच्या शेजारी बाहेर तोंड करून उभी राहिली.

"जा तुम्ही आत. मी आहे इथं."

"तुम्ही?"

"मी. जा."

मॅडम आत गेल्या आणि खूप वेळ आल्या नाहीत. आल्यावर एवढंच म्हणाल्या, "प्रत्येक गुंफेला पाण्याचं टाकं खोदलंय. नियोजन बघा त्या लोकांचं."

त्यानंतर आईनं एकही बंदोबस्त चुकवला नाही.

गेल्या वर्षी मॅडमची उरलेली किडनीही थकली. डायलिसिस सुरू झालं आणि डॉक्टरांनी त्यांना पाणी मोजून द्यायला सांगितलं. "आता माझ्या वाटचं तुम्ही प्या," त्या आम्हाला म्हणाल्या. आम्ही हसलो, कारण त्यांची तशी अपेक्षा होती. शेवटी त्या कुडाळजवळ भावाकडे गेल्या आणि तिथंच वारल्या.

बाराव्याला जायला त्यांच्या बॅचमेटनी एक गाडी ठरवली. ती पहाटे आमच्या गेटाशी आली, तेव्हा आई पिशवी घेऊन आधीच खाली उभी होती. मला तिने काही सांगितलंही नव्हतं. मी धावत खाली गेले.

"आई, अगं कुडाळ आहे ते. दिवसभराचा प्रवास. जमेल का तुला?"

आईनं पिशवी आत दिली आणि माझ्याकडे वळून बघितलं.

"न जमायला मला काय झालंय?" ती म्हणाली, आणि गाडीत चढली.