धारूरची अंतिम लढत आणि माझं भाषण

बीडला उतरलो तेव्हाच डोकं तापलेलं होतं. पुण्याहून निघालेल्या एसटीचं टायर वाटेत बसलं, दुसरं टायर येईपर्यंत आम्ही सगळे रस्त्याकडेला उन्हात उभे, आणि कंडक्टरला विचारावं तर तो म्हणे, "मला काय इचारता, टायरला इचारा." जानेवारी असूनही ऊन चांगलंच चटकत होतं. पण हा राग किरकोळ होता. खऱ्या रागाला अजून एक दिवस होता.

मी निघालो होतो एक फुटबॉलपटू बघायला. माझा जुना मित्र सुधाकर एका व्यावसायिक महिला संघाचा प्रशिक्षक आहे. त्याच्याकडे संघात एकच जागा रिकामी होती आणि यादी सोमवारी बंद होणार होती. युसूफ वडगावच्या शिवकन्या नावाच्या बावीस वर्षांच्या बचावपटू मुलीचे व्हिडिओ त्याने पाहिले होते. "पाय चांगले आहेत," तो म्हणाला, "पण दम संपल्यावर शेवटच्या वीस मिनिटांत ती काय करते, ते व्हिडिओत दिसत नाही. शनिवारी धारूरला तिचा अंतिम सामना आहे. तू बघून ये. तू हो म्हणालास तर घेतो." तीस वर्षं फुटबॉलवर लिहितोय, त्यामुळे आपल्या शब्दाला वजन आहे हे ऐकून बरं वाटलं.

रात्र बीडला काढली. शनिवारी सकाळी केजला जाणारी गाडी मांजरसुंब्याला थांबली. शेजारच्या बाईंनी कपिलधारच्या देवस्थानाच्या दिशेने हात जोडले, माझ्याकडे बघितलं, आणि मी जोडले नाहीत म्हणून माझ्या वतीने पुन्हा जोडले. केजच्या स्टँडवर शिवकन्येचे वडील मल्लिकार्जुनअप्पा न्यायला आले होते. वडगावात त्यांचं किराणा दुकान. ते धाकट्या भावावर सोपवून ते तीन दिवस लेकीच्या संघाबरोबर फिरत होते. जीपमध्ये बसल्याबसल्या त्यांनी फडकं सोडलं आणि धपाटे (ज्वारी-बेसनाच्या पिठात तिखट-मीठ घालून थापलेल्या भाकऱ्या) आणि दही पुढे केलं.

"खा सर. तिच्या आईनं तुमच्यासाठीच दिलेत. पोरीचं सगळं तुमच्यावर हाय म्हणते."

धारूर जवळ आलं तसा रस्ता डोंगरात वळू लागला. दोन्ही बाजूंना वाळलेलं पिवळं गवत, मधूनच ज्वारीचं हिरवं शेत, आणि वर किल्ल्याची काळी भिंत. मैदान गावाबाहेर, मुरमाचं, पण चुन्याच्या रेषा मात्र ताज्या आणि सरळ. सामना तीनचा. अडीचलाच दोन्ही संघ मैदानात उतरून अंग गरम करत होते. समोर अंबाजोगाईचा संघ होता. शिवकन्या उंच, सडपातळ, कपाळावर भस्माची बारीक रेघ. माझ्याकडे बघून तिने मान हलवली आणि पुन्हा धावायला लागली. मला तिचं हे आवडलं.

तीन वाजले. सव्वातीन झाले. सामना सुरू होईना, कारण पहिली किक साहेब मारणार होते आणि साहेब वाटेत होते. साहेब म्हणजे भागातले पुढारी. मुली बसल्या, उठल्या, पुन्हा धावल्या, पुन्हा बसल्या. साडेचारला साहेब आले. आता सुरू होईल म्हणून मुली रांगेत उभ्या राहिल्या, तर माइकवरून आवाज आला, "प्रथम मान्यवरांचा सत्कार." शाल, श्रीफळ, फेटा. एकेका मान्यवराला तीन-तीन जण मिळून फेटा बांधत होते. सूत्रसंचालक म्हणाला, "वेळेअभावी सर्वांची नावं घेणं शक्य नाही," आणि मग त्याने सगळ्यांची नावं घेतली. घरच्यांची चौकशी करायची तेवढी राहिली. मी मनातल्या मनात शिव्या घालत होतो. या लोकांना मुलींचा खेळ नको असतो, मुलींच्या खेळाचं व्यासपीठ हवं असतं. सूर्य किल्ल्याकडे कलत होता आणि बावीस मुली तहानलेल्या उभ्या होत्या.

आणि तेवढ्यात माझं नाव पुकारलं गेलं.

मलाही फेटा बांधला. शाल आली. साहेब म्हणाले, "सर, तुमी एवढे पुण्याहून आलात. फुटबॉलमधली जिद्द म्हंजी काय ते जरा पोरींना सांगा." नाही म्हणायला किती वेळ लागतो? एक सेकंद. मी माइक हातात घेतला. व्यावसायिक फुटबॉलमध्ये सर्वांत जिद्दी खेळाडू कोण, हा माझा आवडता विषय. त्यावर मी कितीतरी लेख लिहिलेत, वाचक अजून पत्रं पाठवतात. फुटलेल्या डोक्याला पट्टी गुंडाळून खेळलेला बचावपटू सांगितला. बोट मोडलेलं असताना दोन पेनल्टी अडवणारा गोलरक्षक सांगितला. टाळ्या पडल्या, मी आणखी दोघे सांगितले. बोलता बोलता शिवकन्येकडे लक्ष गेलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, आकाशाकडे बघत होती. मी बसलो तेव्हा अप्पा हळूच म्हणाले, "वीस मिंटं झाली सर."

साहेबांनी किक मारली. चेंडू चार हात गेला, फोटो निघाले, साहेब गेले. मग सामना सुरू झाला आणि सोळा-सतरा मिनिटं चालला. त्यानंतर चेंडू दिसेना. पंचांनी दोन्ही कर्णधारांना बोलावलं आणि नाणं उडवलं. अंबाजोगाई जिंकली. करंडक घेताना त्यांच्यातलीसुद्धा एक मुलगी हसली नाही.

गर्दी पांगत असताना शिवकन्या माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"काय बघितलं सर तुमी?"

मी म्हणालो, "एवढा वेळ उन्हात उभी राहिलीस, कुरकुर केली नाहीस. यातच तुझी जिद्द दिसली. मी सांगेन तसं."

"तसलं सांगू नका. उभं तर कुनी बी राहतंय. कुरकुर केली तर हाकलतील म्हणून आमी उभ्या होतो. माजा खेळ बघितला का न्हाई तेवढं बोला."

"नाही बघितला."

"मग उद्या बघा. सकाळी सातला. दोन्ही टीमा इथंच मंगल कार्यालयात हायेत. मी बोलते अंबाजोगाईच्या पोरींशी." आणि जाता जाता म्हणाली, "माइक न्हाई आणत आमी."

मला कानाखाली बसल्यासारखं झालं. चुकली मात्र ती कुठेच नव्हती.

सकाळी मैदानावर दव होतं. मंडपाचे खांब तसेच उभे, गालिचा गुंडाळून ठेवलेला. अंबाजोगाईच्या मुली आल्या होत्या, सगळ्या अकरा. करंडक त्यांच्या टेम्पोत होता, त्यांना खेळायची काही गरज नव्हती. त्यांचा ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. अप्पा त्याच्यावर खेकसले, "कामून कोकलतो रे? काल सायबासाठी दोन तास थांबलास तवा न्हाई घाई झाली?"

पंच रात्रीच निघून गेले होते. जिच्याकडून चूक होईल तिनेच हात वर करायचा, असं मुलींनी ठरवलं. घड्याळ अप्पांकडे. प्रेक्षक मी एकटा, आणि दोन गाढवं.

पूर्वार्धात शिवकन्येने सुधाकरच्या व्हिडिओत असेल तेच केलं. धावून चेंडू काढायचा, डाव्या पायाने लांब मारायचा. पण अंबाजोगाईची सात नंबरची बुटकी आघाडीपटू तिला सोडायला तयार नव्हती. आली की तिच्याच अंगावर यायची, चेंडू गेला की लगेच माघारी फिरायची, पुन्हा यायची. साठाव्या मिनिटाला शिवकन्येच्या पोटरीत गोळा आला. ती खाली बसली, पाय चोळला आणि उठली. मी पाण्याची बाटली खाली ठेवली. यासाठीच मी आलो होतो.

त्यानंतर ती धावलीच नाही. सात नंबरवाली कुठे वळणार हे आधीच ओळखून ती दोन पावलं सरकून उभी राहायची आणि चेंडू आपणहून तिच्या पायात यायचा. बाजूच्या दोघींना ओरडून जागा दाखवायची. पाय संपले होते, म्हणून ती डोळ्यांनी खेळत होती. शेवटची वीस मिनिटं सात नंबरवालीने सगळं करून बघितलं. एकदाही तिला पुढे जाता आलं नाही, आणि एकदाही ती थांबली नाही. सामना शून्य-शून्य सुटला. मग सगळ्यांनी मिळून टेम्पोजवळ चहा घेतला आणि अंबाजोगाईच्या मुली घाईघाईने निघून गेल्या.

परतीच्या गाडीत बसल्यावर सुधाकरला फोन लावला.

"पोरीत जिद्द आहे का?" त्याने विचारलं.

"जिद्दीचं नाव काढू नकोस," मी ओरडलो. पुढच्या बाकावरचा माणूस दचकला. "काल दिवसभर तेच ऐकलंय, स्वतःच्या तोंडून. लिहून घे. दमल्यावर ती धावत नाही, विचार करते. उजवीकडून येणाऱ्या आघाडीपटूला वीस मिनिटं तिला ओलांडता आलं नाही. डाव्या पायाचा पास मैदानाच्या पार टोकाला, मोजून. घे तिला."

"घेतली," सुधाकर म्हणाला. "पण एवढं दमवलं कोणी तिला?"

"अंबाजोगाईची सात नंबर. खूप चांगली खेळते."

"नाव काय?"

नव्वद मिनिटं तिला बघितलं होतं, तिच्या शेजारी उभं राहून चहा प्यालो होतो. तिला बघायला कोणी येणार नव्हतं. जिंकलेला करंडक टेम्पोत टाकून ती दुसऱ्या मुलीच्या निवडीसाठी जीव काढून खेळली, आणि जिद्दीवर व्याख्यानं झोडणाऱ्या या गृहस्थाने तिला नाव विचारलं नव्हतं.

फोन ठेवून शिवकन्येला लावला. निवडीचं सांगितलं. तिने ते तिथेच अप्पांना सांगितलं, मागे त्यांचा मोठमोठ्याने रडण्याचा आवाज आला. मग मी सात नंबरवालीचं नाव विचारलं.

"आता इचारता व्हय सर?" ती म्हणाली. "रेणुका."

मी ते नाव सुधाकरला कळवलं. त्याने लिहून घेतलं. पण जागा एकच होती, आणि ती मी पाच मिनिटांपूर्वी भरली होती.