गोणपाटात गुंडाळलेलं कलेवर

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. सांगताना माझ्या अंगावर अजून काटा येतो, आणि चूक सगळी माझीच आहे.

लग्न होऊन मी जळगावाकडून इंदूरला आले. शाळा सातवीपर्यंत, हिंदी कामचलाऊ. आमच्या ह्यांना एकच नाद, जुन्या वस्तूंवरच्या एका हिंदी मासिकाचे जुने अंक जमवायचे. पलंग, आरसे, झुंबरं, पाळणे. फोटो छान असतात हो, पण त्यांत माणूस कधीच नसतो. पलंग रिकामा, खुर्ची रिकामी. आणि आमची आठ महिन्यांची चिऊ त्यातल्या रिकाम्या पाळण्याकडे बघून ओळखीचं कुणी दिसल्यासारखी हसायची. मला ते बिलकुल आवडायचं नाही.

त्या दुपारी हे मोबाईल घरीच विसरून कामावर गेले. फोन वाजला. कृष्णपुऱ्याकडचे जुन्या पुस्तकांचे चाचा.

"भाभीजी, भिया को बोलना, पुराना कलेवर मिल गया."

भिया म्हणजे आमचे हे. पण कलेवर? गावी पेपरात यायचं ना, विहिरीत बिबट्याचं कलेवर सापडलं. तेच?

"छोटा वाला है," चाचा खुशीत होते. "बरसों से संदूक में बंद था. पीठ टूट गई है, बाकी सब साबुत. टाट में लपेट के ला रिया हूँ."

छोटं. पाठ मोडलेलं. आतापर्यंत हे नुसते फोटो जमवत होते, आता हे काय घरात आणायला लागले?

चिऊला काजळाचा टिळा लावला, दाराच्या दोन्ही कड्या घातल्या, उंबऱ्यावर मिठाची रेघ ओढली. तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबली. फटीतून बघितलं तर चाचा गोणपाटाचं गाठोडं दोन्ही हातांवर घेऊन उभे, झोपलेलं मूल घ्यावं तसे. आणि माझ्या कडेवरची चिऊ बंद दाराकडे बघून हसली. तस्संच.

"किसका है?" मी आतून विचारलं.

"एक अम्मा थीं, गुज़र गईं. उनके लड़के ने ही उठा के दे दिया."

पोटच्या पोरानं?

"चाचा, इसको जला दो. नहीं तो नदी किनारे गाड़ दो."

चाचांनी गाठोडं अंगापासून जरा लांब धरलं. मग हळूच, "ऐसा क्या है इसमें, भाभीजी?"

"हमारी बच्ची इसको देख के हँसती है. अभी भी हँस री है."

स्कूटर एका किकमध्ये सुरू झाली आणि गेली.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं, तर ह्यांनी कपाळावर हात मारला.

"अगं, हिंदीत कलेवर म्हणजे मासिकाचं रूप, आकार! आधी ते लहान आकारात निघायचं. ते पहिले अंक मी सहा वर्षं शोधतोय. पाठ मोडली ती बांधणीची. जाळले तर नसतील ना त्यांनी?"

चाचांचा फोन बंद. हे जेवले नाहीत. मी मिठाची रेघ पुसत बसले.

सकाळी दारात गाठोडं होतं. अंक सगळे शाबूत, वर लाल दोरा, लिंबू-मिरच्या, अंगारा, आणि एक चिठ्ठी: "भिया, अंकों की झाड़-फूँक करा दी है. अब भाभीजी की भी करा लो."

तेव्हापासून चाचा अंक फाटकावर ठेवतात, घंटी वाजवतात आणि पळतात. भुताला नाही हो, मला घाबरून.